टेकडीवर सायकल नेताय? मग घंटी कुठली लावायची ते आधी ठरवा

पुण्यात वेताळ टेकडीवर पहाटेच्या गर्दीत माउंटन बाईक चालवायची तर चांगले टायर आणि चांगले ब्रेक यांच्या बरोबरीने घंटी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक सायकलींवर नसते. हँडलबारवर फोनचा होल्डर असतो, जीपीएस असतो, दिवा असतो. घंटी म्हटलं की ती लहान मुलांच्या सायकलची वस्तू. मग उतारावर मागून "साइड, साइड" असं ओरडत यायचं, पुढच्या काकांनी दचकून नेमकं सायकलच्याच वाटेत पाऊल टाकायचं आणि पुढची दोन मिनिटं टेकडी कोणाच्या मालकीची यावर चर्चा करायची. तळजाईवर आणि बाणेर-पाषाणच्या टेकडीवरही याहून वेगळं काही घडत नाही.

बाजारात या कामाच्या घंट्या मुळात तीन प्रकारच्या आहेत. अंगठ्याने टिचकी मारली की एकदा 'टिंग' करणारी, जुन्या सायकलची 'ट्रिंग-ट्रिंग' करणारी फिरकीची, आणि सायकल हादरली की आपोआप किणकिणत राहणारी, जिला एका खटक्याने गप्प करता येतं. हॉर्नचा चौथा प्रकार आहे, पण टेकडीवर बॅटरीचा भोंगा लावणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवू नये.

किंमत बघण्याआधी थोडं गणित करू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. बोट ब्रेकवर ठेवलेलं असलं तरी माणूस दिसण्यापासून लिव्हर दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे साडेपाच मीटर तिथेच गेले. सुट्या मुरमावर, १५ टक्के उतारावर, पुढचं चाक न घसरवता थांबायचं तर आणखी सहा-सात मीटर लागतात. एकूण बारा. वेग ३० असेल तर हाच आकडा बावीस-तेवीस मीटरवर जातो. वेग दीडपट झाला, पण थांबायला जवळजवळ दुप्पट जागा लागली, आणि "माझा कंट्रोल आहे" म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

हे झालं चालवणाऱ्याचं. चालणाऱ्याला आवाज ऐकू येणं, तो कसला आहे हे कळणं, मान वळवून कुठल्या बाजूने येतोय ते बघणं आणि सोबतच्या माणसाला दंडाला धरून कडेला घेणं, या सगळ्याला तीन-चार सेकंद लागतात. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पाच धरा. ताशी २० च्या वेगाला पाच सेकंद म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मीटर. म्हणून घंटी तीस मीटरवर ऐकू यायला हवी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती तीस मीटर आधी वाजलेली असायला हवी. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या झाडीतून जाणाऱ्या अरुंद वाटांवर पुढचं दहा-पंधरा मीटरच दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत कमरेपर्यंत येतं तेव्हा तेवढंही दिसत नाही. समोरचा दिसल्यावर अंगठा घंटीकडे न्यायचा, तोवर उशीर झालेला असतो. शिवाय त्या क्षणाला अंगठ्याने हँडल घट्ट धरलेलं असावं हेच बरं.

टिचकीची घंटी या परीक्षेत इथेच नापास होते. तिचा आवाज वाईट असतो असं मुळीच नाही. 'स्परसायकल'ची पितळी घंटी घ्या, एका टिचकीत कितीतरी वेळ घुमत राहते. 'नॉग'ची 'ओआय' हँडलबारभोवती कड्यासारखी बसते, दिसतसुद्धा नाही, आणि २२.२ मिलिमीटरपासून ३१.८ मिलिमीटरपर्यंतच्या बारसाठी दोन मापांत मिळते. शहरातल्या रस्त्यावर, नदीकाठच्या रुंद वाटेवर दोन्ही उत्तम. पण अरुंद पायवाटेवर मागून अचानक आलेला एकच 'टिंग' माणसाला हुकूम वाटतो: हो बाजूला. लोक एकतर जागीच थिजतात किंवा उडी मारतात, आणि उडी कुठे मारतील याचा भरवसा नाही. चौघं गप्पा मारत आडवे चालले असतील तर दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे आणि एक जण परत उलटा, कारण त्याची बायको पलीकडे गेली.

दुसरा मुद्दा कानाचा. टेकडीवर पहाटे येणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात, आणि वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, साधारण ३००० हर्ट्झच्या वरचे. लहान, जाड काठाची घंटी नेमकी त्याच पट्टीत वाजते. दुकानात मोठी वाटणारी घंटी पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांना पाच मीटरवरही ऐकू न येण्याचं कारण हे आहे. आजोबा मुद्दाम हटत नाहीत असं समजून वर आणखी बोलायचं, म्हणजे भांडणाची सोय झालीच. मोठ्या तोंडाची, पातळ पत्र्याची घंटी खालच्या पट्टीत वाजते आणि झाडीतूनही जास्त लांब जाते. शंभर-दीडशे रुपयांची फिरकीची जुनी घंटी या एका बाबतीत महागड्या टिंगवाल्यांना मागे टाकते. तिची अडचण वेगळी: डबीत धूळ गेली की दात अडकतात, आणि खडकाळ उतारावर ती स्वतःच खडखडत राहते, पण वाजत मात्र नाही.

आता किणकिणणारी. हिचं तत्त्व गुरांच्या गळ्यातल्या घाटीचंच. पितळेची लहान घंटा हँडलबारला टांगलेली, आत सुटा लोळा. चाक दगडावरून गेलं की लोळा हलतो आणि घंटा वाजते. वरच्या खटक्याने एक बारीक तार लोळ्याला वर ओढून घेते, मग कितीही हादरे बसले तरी आवाज नाही. 'टिंबर' या नावाची घंटी या प्रकारात सगळ्यांत जास्त दिसते. बोल्टने कायमची बसणारी आणि रबराच्या कड्याने काढता-घालता येणारी अशी दोन्ही तऱ्हेची मिळते, आणि खटका अर्धवट ठेवून आवाज कमी-जास्त करता येतो. 'ग्रॅनाइट डिझाइन'च्या 'क्रिकेट' घंटीत दोन्ही सोयी एकत्र आहेत, हवी तेव्हा सतत किणकिण आणि हवी तेव्हा लिव्हरने एकच ठोका. बाहेरून मागवायच्या तर शिपिंग आणि सीमाशुल्क धरून दोन-तीन हजारांच्या घरात जातात. घंटीसाठी हे जास्तच आहेत, हे मान्य.

फायदा मात्र खरा आहे. आवाज लांबून, हळूहळू वाढत येतो. चालणाऱ्याला दचकायला होत नाही; काहीतरी येतंय हे कळतं, किती जवळ आलंय याचा अंदाज येतो, आणि तो आपल्या सोयीने, बोलणं न तोडता कडेला होतो. आवाजात हुकूम नसतो. चालवणाऱ्यालाही प्रत्येक माणसासाठी "वाजवू की नको" हे ठरवावं लागत नाही. दोन्ही हात ब्रेकवर राहतात.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मावळ-मुळशीच्या गावांमधल्या वाटांवर हाच आवाज उलटा पडू शकतो. मागून घाटी वाजली तर गुरं असतील असं धरून माणूस वळूनही बघत नाही. तिथे तोंडाने हाक मारण्याला पर्याय नाही.

बसवताना काय चुकतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण "घंटी वाजतच नाही" या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. आजकालच्या माउंटन बाईकना पुढचा गिअर एकच असतो, त्यामुळे डाव्या हाताला गिअर बदलायचा शिफ्टर नसतो. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवता चालवता सीट खाली-वर करणारी नळी, असेल तर तिचा लिव्हर तिथे खाली येतो, पण बारच्या वरची बाजू रिकामी राहते. घंटी तिथे, डाव्या ब्रेकच्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूला बसवा. या भागात बार २२.२ मिलिमीटर असतो. स्टेमजवळचा, म्हणजे बारला मधोमध धरणाऱ्या तुकड्याजवळचा, जाड भाग ३१.८ किंवा ३५ मिलिमीटरचा. रबराच्या कड्याची घंटी तिथेही बसते, पण ३५ च्या बारवर कडं ताणून बसतं आणि लवकर तुटतं. मोजपट्टीपेक्षा कॅलिपर वापरा, नाहीतर परतीचा पत्ता लिहीत बसाल.

आधी घंटी सैल ठेवूनच सायकलवर बसा, कारण आपण बसल्यावर सस्पेन्शन दबतं आणि बारचा कोन थोडा बदलतो. त्या स्थितीत घंटी सरळ खाली, ओळंब्यात लोंबायला हवी. दहा-पंधरा अंश जरी तिरकी झाली तरी लोळा एका बाजूला टेकून राहतो आणि घंटी खुळखुळ्यासारखी बद्द वाजते. उतारावर सायकलच तिरकी होते हे धरून घंटीचं तोंड सपाटीवर किंचित पुढे झुकलेलं ठेवा. म्हणजे उतारावर, जिथे तिची गरज आहे, तिथे ती सरळ होते. मग ब्रेकची होज आणि ड्रॉपरची केबल घंटीला घासत नाही ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. होज घंटीला टेकली की आवाज मेला. शेवटी बोल्ट आवळा, पण बेतानं. बारीक बोल्ट, पितळी किंवा प्लास्टिकची पकड. दीड-दोन न्यूटन-मीटर पुष्कळ झाले. किती जोर लागतोय ते दाखवणारा टॉर्क रेंच नसेल तर अ‍ॅलन कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी आवळा. कार्बनचा बार असेल तर पकडीखाली जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा घाला.

आता खोडी. सपाट, गुळगुळीत मातीवर ही घंटी जवळजवळ गप्प असते. २.४ इंचाचा टायर, त्यात २०-२२ पीएसआय हवा आणि पुढे १४० मिलिमीटरचं सस्पेन्शन असेल तर बारपर्यंत हादरा पोचतच नाही. हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर, आणि थोड्या जास्त हवेच्या टायरवर ती जास्त वाजते. वेताळ टेकडीच्या माथ्यावरच्या रुंद, सपाट रस्त्यावर वेग सहज २५ च्या वर जातो आणि घंटी मात्र मुकी. अशा वेळी बारला तळहाताने हलका झटका द्यायचा. पुढचा ब्रेक क्षणभर चिमटून सोडला तरी वाजते. किणकिणती घंटी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

पावसाळ्यात चिखल तोंडातून आत उडतो आणि लोळ्याभोवती वाळून बसतो. घरी आल्यावर घंटी उलटी करून पाण्याची हलकी धार मारा, झटका, लोळा हाताने हलवून बघा. लोळ्याच्या कडीला ओलं तेल अजिबात घालू नका. उन्हाळ्यात त्यावर मुरमाची बारीक धूळ बसून दळदार गोळा होतो. घालायचंच तर चेनसाठीच्या कोरड्या ल्यूबचा एक थेंब, तोही तारेच्या सरकत्या भागावर. तार सैल पडली की खटका बंद केला तरी लोळा पूर्ण वर जात नाही आणि चढावर बारीक किरकिर चालू राहते, जी अर्ध्या तासात डोकं उठवते. रबराचं कडं उन्हात राहून तडकतं. सायकल गच्चीत ठेवणाऱ्यांनी कडं काढून घरात ठेवावं. पितळ काळवंडतं ते पितांबरीने घासून चकचकीत होतं, पण आवाजात काडीचा फरक पडत नाही. हौस असेल तर घासा.

दोन-तीन हजार द्यायचे नसतील तर घरगुती सोय आहे, आणि ती वाटते तितकी वाईट नाही. भांड्यांच्या बाजारात किंवा आठवडी बाजारात गुराढोरांसाठीची पितळी घंटा मिळते. तोंड ४० ते ५० मिलिमीटरचं घ्या, त्याहून मोठी गुडघ्याला लागते. आतला लोळा लोखंडी असेल अशीच बघून घ्या, चुंबक लावून तपासा. पितळेला चुंबक चिकटत नाही, लोखंडी लोळ्याला चिकटतो. म्हणून एक छोटा निओडिमियम चुंबक बाहेरून घंटेच्या पोटाला लावला की लोळा आतून त्याच जागी धरला जातो, आणि घंटा गप्प. दोघांच्या मध्ये पितळेचा पातळ पत्रा असल्याने चुंबक बाहेरून पडतही नाही. वाजवायची तेव्हा चुंबक काढून स्टेमच्या लोखंडी बोल्टच्या डोक्यावर ठेवायचा. टांगायला २० मिलिमीटर रुंदीचा वेल्क्रोचा पट्टा, बारवर दोन वेढे. दोरीने टांगू नका. दोरीवर घंटा गोल गोल फिरते आणि ब्रेकच्या होजवर आपटते. हिची उणीव एकच, पण मोठी: चालू-बंद करायला थांबावं लागतं.

आणि बंद करता येणं हा या वस्तूचा अर्धा गुण आहे. टेकडीवर येणारा माणूस शहराच्या आवाजातून सुटायला येतो. कोणी मोर बघायला, पक्षी टिपायला आलेला असतो, कोणी नुसता बसलेला. चढावर सायकलचा वेग ताशी सहा-आठ असतो, चालणाऱ्यापेक्षा थोडासाच जास्त. तिथे घंटी बंद ठेवून "काका, उजवीकडून पुढे जातो" एवढं पुरतं. मोकळ्या माळावर समोरचा आपल्याला बघतोच आहे, तिथेही बंद. उतार आणि आंधळी वळणं सुरू झाली की चालू. खाणीजवळ बसलेल्या लोकांच्या कानाशी अखंड किणकिण करत घिरट्या घालणारा सायकलवाला हा "साइड, साइड"वाल्याइतकाच त्रासदायक, फक्त जास्त महागडा.

काही ठिकाणी कुठलीच घंटी कामाची नाही. कानात नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड असलेल्या माणसाला तीस मीटरवरून काही ऐकू येत नाही, वेग चालण्याइतका करून बाजूने जाणं एवढंच हाती राहतं. मोकळा सोडलेला कुत्रा असेल तर घंटी बंद करा, उतरा, सायकल मध्ये ठेवून चाला. अचानक टिंग केल्याने कुत्रा बिथरतो, आणि पळणारं चाक दिसलं की त्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे. फ्रीहबची, म्हणजे पेडल थांबवलं की मागच्या चाकातून येणारी, कर्रर्र मोठी आहे म्हणून घंटी नको, हा युक्तिवादही टिकत नाही. पेडल मारताना हब गप्प असतो, आणि तो आवाज कसला हे न चालवणाऱ्याला कळत नाही.

हाक मारायची तर काय मारायची, यातही फरक आहे. नुसतं "लेफ्ट!" म्हटलं तर निम्मे लोक डावीकडे उडी मारतात. "उजवीकडून येतोय, सावकाश" हे लांब आहे, पण कळतं. मागे आणखी सायकली असतील तर आकडा सांगा: "अजून दोघं आहेत मागे." नाहीतर पहिला गेला म्हणून आजी परत वाटेच्या मध्ये येतात आणि दुसरा त्यांच्या अंगावर.

हा वाद काही पुण्याचा शोध नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ मध्ये रिपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, माउंटन बाईकचं मूळ तिथलं, आणि चालणाऱ्यांशी भांडणाचंही. तिथल्या सामायिक वाटांवर आज ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे २४ किलोमीटर. आंधळ्या वळणावर आणि माणसाला ओलांडताना ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने दुसरं टोक गाठलं: जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलला खणखणीत घंटी कायद्यानेच लागते. 'इम्बा' ही १९८८ मध्ये स्थापन झालेली माउंटन बाईकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना सांगते ते सोपं आहे: सायकलने चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. मरीनचे आकडे वरच्या गणितात घालून बघा. ८ किलोमीटरच्या वेगाला थांबायला तीन-साडेतीन मीटर पुरतात, आणि गिरिपुष्पाच्या झाडीत दहा मीटर दिसतं. २४ ला सोळा-सतरा लागतात. घंटी चालणाऱ्याला वेळ मिळवून देते, सायकल थांबायला लागणारं अंतर ती एका इंचानेही कमी करत नाही.

मग घ्यायची कुठली? आठवड्यातून तीन-चार दिवस गर्दीच्या वेळी टेकडीवर जाणाऱ्याने खटक्याची किणकिणती घ्यावी, बोल्टने बसणारी, कारण काढता येणारी घंटी नेमकी घरी राहते. एकच सायकल ऑफिसलाही आणि टेकडीवरही चालवणाऱ्याला दोन्ही सोयींची एकत्र घंटी परवडते. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला बाजारातली पितळी घंटा आणि चुंबक पुरे. फक्त रस्त्यावर चालवणाऱ्याला टिंगवाली ठीक, पण घेताना मोठ्या तोंडाची घ्या आणि घरातल्या आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत बसवून वाजवून बघा.

ग्रुपने जाणार असाल तर पाचही सायकलींना किणकिणती लावू नका. आवाज एकमेकांत मिसळतो आणि ग्रुप कुठून कुठपर्यंत आहे ते चालणाऱ्याला कळत नाही. पहिल्याची चालू आणि शेवटच्याची चालू, मधल्यांच्या बंद. शेवटचा गेला की मागे वळून "झालं, सगळे गेले" असं सांगायचं काम त्याचंच.